आठवीच्या पोरांसोबत आजचा दिवस

आज गावाकडच्या शाळेत आठवीच्या पोरांना आर्डुइनो (सेन्सर, मोटर जोडून प्रोग्रामने चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) दाखवायला गेलो होतो, कुंडीतल्या कोरड्या मातीत ओलावा मोजणारा मॉइश्चर सेन्सर खोचला तर स्क्रीनवर 900 च्या वर आकडा (माती जितकी कोरडी तितका आकडा मोठा), एका मुलीने तांब्याभर पाणी ओतलं आणि आकडा सरसर खाली 400 वर आला, तशी ती पटकन म्हणाली, "सर, म्हणजे रात्री लाईट आली की मोटर आपोआप चालू करता येईल ना? पप्पांना दोन वाजता उठून जावं लागतं." गळाच भरून आला माझा. हे मी शिकवलं नव्हतं!

शास्त्रज्ञ डॉ. कलबागांनी 1983 ला पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला तो याच विचाराने, हाताने काम करत शिकायचं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात पण सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभारांकडे शिकायचं असं आहे. छानच आहे, पण त्यात गावातला मोटर रिवाइंडिंगवाला पण हवाच हवा.

निघताना एक पोरगा वायरचं टोक दातांनी सोलत बसलेला, सेन्सर सोडायलाच तयार नाही. दिला त्यालाच ठेवून. पुढच्या शनिवारी रिले (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा स्विच) आणि छोटा पंप घेऊन जातोय.