बुरशीला पोटभर साखर का घालत नाहीत?

पेनिसिलीनच्या कारखान्यात नोकरी झाली असं सांगितलं, की हा प्रश्न ठरलेला. औषध बुरशीच बनवते ना? मग घाला की भरपूर साखर!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, ते करून झालंय. नवा असताना एका रात्रपाळीत माझ्या हातून ग्लुकोजचा व्हॉल्व्ह जास्त उघडा राहिला. सकाळी फर्मेंटरमध्ये, म्हणजे बुरशी वाढवायच्या टाकीत, बुरशी नुसती फोफावलेली, आणि पेनिसिलीन पार खाली. साहेब काय बोलले ते राहू द्या.

बुरशीला स्वतः वाढायला पेनिसिलीन लागत नाही. म्हणूनच त्याला सेकंडरी मेटाबोलाइट म्हणतात. भोवती ग्लुकोज मुबलक असलं की ती पेनिसिलीनची जनुकं दाबून ठेवते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पिओरियाच्या प्रयोगशाळेत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, वापरलं, ते सावकाश पचतं म्हणून साधलं. पुढे ग्लुकोजच आलं, पण आजाऱ्याला पेज पाजावी तसं, थोडंथोडं.

फेनिलअ‍ॅसेटिक आम्लाचंही तेच. ‘पेनिसिलीन-जी’ हा प्रकार हवा तर ते द्यावंच लागतं, कारण तो रेणूचाच एक तुकडा. जास्त झालं तर बुरशीला विषारी. (त्याचा वास कपड्यांतून जात नाही. बायकोला मी कुठल्या पाळीला होतो ते दारातच कळायचं.) त्याऐवजी फिनॉक्सिअ‍ॅसेटिक आम्ल दिलं की पेनिसिलीन व्ही मिळतं, पोटातल्या आम्लात टिकणारं, म्हणून गोळीतून घेता येणारं.

लायसीन या अमिनो आम्लाची गंमत वेगळी. बुरशी लायसीन बनवते त्याच वाटेवर मध्येच पेनिसिलीनचा एक कच्चा माल तयार होतो. बाहेरून आयतं लायसीन मिळालं की ती वाट सुरुवातीलाच बंद. पौष्टिक म्हणून घालाल आणि औषध घालवून बसाल.

पण माझा लाडका रेणू 1,3-डायअमिनोप्रोपेन. पेनिसिलीनचा तो भागही नाही. बुरशी स्वतःच तो भोवतालच्या द्रवात सोडते. स्पेनमधल्या लिऑनच्या संशोधकांनी दाखवलं, की तो बाहेरून दिला तर पेनिसिलीनची जनुकं जोरात आणि जास्त वेळ चालतात. लेए (LaeA) नावाच्या नियंत्रक प्रथिनामार्फत. त्याचा भाऊ शोभावा असा प्युट्रेसिन, फक्त एक कार्बन जास्त. तो घातला तर बुरशी ढिम्म हलत नाही.