एका रात्रीत परतलेली साखर

जुलैतल्या त्या मंगळवारी मी ठाण्याहून पहाटेची पनवेल लोकल पकडून खारघरच्या आमच्या प्रयोगशाळेत पोहोचले, कारण अकरा वाजता रक्तदाता येणार होता आणि त्यापूर्वी माझ्या पेशी तयार असायला हव्या होत्या. त्या एचटी-29 या वंशाच्या होत्या. 1964 साली मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्या 44 वर्षांच्या एका स्त्रीच्या गाठीतून त्या घेतल्या गेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आल्या आहेत. बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवताना मला त्या अनोळखी बाईंची आठवण होतेच.

पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना आणि मेदांना शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. त्यांपैकी पुष्कळ साखळ्यांच्या टोकाशी सायालिक आम्ल ही नऊ कार्बन अणूंची, ऋणभारित साखर बसलेली असते. रक्तातील एनके पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या पेशी, समोरच्या पेशीला चाचपतात तेव्हा त्यांच्यावरील सिग्लेक-7 हा ग्राही ही साखर ओळखतो आणि आत थांबण्याचा निरोप धाडतो. निरोगी पेशींच्या बाबतीत हा संयम आवश्यकच आहे. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ही साखर साखळीच्या टोकाला जोडणारे एक विकर अनेकदा वाढलेले आढळते, आणि मग त्याच संयमाचा लाभ गाठीला मिळतो. सायालिडेज या विकराने ती साखर छाटली तर एनके पेशींचा हात मोकळा होतो का, हे मला पाहायचे होते.

दहाच्या सुमारास माझे छाटणीचे काम पूर्ण झाले. एल्डर या युरोपीय झुडपाच्या सालीतून काढलेले लेक्टिन, म्हणजे साखर ओळखून धरणारे प्रथिन, सायालिक आम्लाला चिकटते. त्याला चमकणारा रंग जोडून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, तपासले तेव्हा छाटलेल्या पेशींची चमक जवळजवळ नाहीशी झाली होती. एवढ्यात पावसाने गाड्या थांबल्याचे कळले आणि दात्याचा निरोप आला की आज येणे शक्य नाही, उद्या सकाळी येतो. पेशी जिवंत होत्या, विकर धुऊन काढले होते, तपासणीही झाली होती. त्यामुळे एक रात्र थांबल्याने काही बिघडणार नाही असे मी ठरवले आणि नवे पोषक द्रावण घालून बशा 37 अंशांवर परत ठेवल्या.

बुधवारी रक्त मिळाले. एनके पेशी वेगळ्या करून मी त्या दोन्ही बशांत सोडल्या आणि चार तासांनी मृत पेशी मोजल्या. छाटलेल्या आणि न छाटलेल्या पेशींत काहीच फरक नव्हता. माझा पहिला संशय दात्याच्या पेशींवर गेला, परंतु के562 या पेशी, ज्यांना एनके पेशी हमखास मारतात, त्या तिसऱ्या बशीत भराभर मेल्या होत्या; म्हणजे मारणाऱ्यांत दोष नव्हता. आठ महिन्यांचे काम चुकीच्या कल्पनेवर उभे होते की काय, या विचाराने माझे हात गार पडले.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वही उलटसुलट पाहिली आणि शांतपणे विचारले, “साखर गेल्याचं काल तपासलंस. आज तपासलंस का?”

मी तपासले नव्हते. उरलेल्या पेशींना लेक्टिन लावून पाहिले, तर चमकेच्या आलेखातला डोंगर न छाटलेल्या पेशींच्या डोंगरावर जवळजवळ तंतोतंत बसला. एका रात्रीत साखर परत आली होती. नंतर विचार केला तेव्हा त्यात नवल वाटले नाही: जिवंत पेशी हे आम्ल स्वतः घडवते, गॉल्जी पिंड या आपल्या आतल्या भागात नव्या प्रथिनांच्या साखळ्यांवर ते बसवते आणि ती प्रथिने सतत पृष्ठभागावर पाठवत राहते, शिवाय पोषक द्रावणात मी घातलेल्या वासराच्या रक्तद्रवातूनही तिला ते मिळते. पुस्तकात हे सारे मी वाचलेले होते, पण माझ्या बशीतही रात्रभर हेच चालू असेल हे मात्र मनात आले नव्हते.

सकाळच्या एनके पेशी अजून शिल्लक होत्या. एचटी-29 ची नवी खेप तासभर सायालिडेजमध्ये ठेवून, धुऊन, मी लगेच त्यांच्यासमोर आणली. रात्री साडेआठला आकडे आले, तेव्हा छाटलेल्या पेशी स्पष्टपणे अधिक मेल्या होत्या. एका दात्यावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून पुढे आणखी दोघांच्या रक्तावर तेच केले आणि दिशा तीच राहिली.

मला मात्र तो फसलेला प्रयोगच अधिक मोलाचा वाटतो. 2017 पासून अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅबसारखे प्रतिकारशक्तीला मोकळे करणारे औषध मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मान्य आहे, पण ते मुख्यतः ज्यांच्या गाठीत डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते त्यांनाच उपयोगी पडते, आणि पसरलेल्या रोगात असे रुग्ण सुमारे 5 टक्केच असतात. बाकीच्यांसाठी साखरेचा मार्ग शोधायचा असेल तर ती एकदा छाटून भागणार नाही, हे माझ्या बशीने दाखवले. ती घडवण्याची क्रिया सबंध शरीरात बंद करावी, तर उंदरांत तसे केल्यावर मूत्रपिंडे निकामी झाली होती. म्हणूनच 2022 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलच्या एक मानकरी कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटाने सायालिडेज अँटिबॉडीला जोडून थेट कर्करोगाच्या पेशीपर्यंत नेण्याचा जो मार्ग काढला, तो मला त्या रात्री खऱ्या अर्थाने समजला.

पुढच्या सोमवारी मी घरी सांगून मुक्कामाच्या तयारीनेच गेले. साखर नेमकी किती वेळात परतते हे मोजायचे होते, म्हणून छाटणीनंतर दोन, चार, आठ, बारा आणि चोवीस तासांच्या नळ्या आखल्या. चार तासांच्या नळीतच डोंगर उजवीकडे, म्हणजे अधिक चमकेकडे, सरकू लागलेला दिसला.