नाक तेच होतं

शनिवार, १३ डिसेंबर

स्वतःच्या शरीराविषयी पोरं काय बोलतात, त्याचे छोटे व्हिडिओ मी हल्ली शाळेत मोबाईलवर काढते. आज सकाळची शाळा सुटली, पोरं पांगली, तरी सातवीतली एक पोरगी दप्तर पाठीवर घेऊन दारातच उभी. "मॅडम, माह्यावाला व्हिडिओ काढून टाका न. नाक पाहा कसं फताडं दिसून राह्यलं."

"अगं, छान तर दिसतेस," हे वाक्य ओठांवर आलंच होतं. इतकी वर्षं मी तेच म्हणत आले आणि एकाही लेकराचा त्यावर विश्वास बसलेला मी पाहिला नाही. म्हणून आज तिला कडुनिंबाखाली नेलं. आधी मोबाईल तिच्या तोंडाजवळ धरून फोटो काढला. मग सात-आठ पावलं मागं गेले, झूम करून चेहरा तेवढाच मोठा केला आणि दुसरा काढला. दोन्ही शेजारी शेजारी दाखवले. ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

"नाक कमी कसं झालं?"

नाक तेच होतं. कॅमेरा तोंडाशी असला की नाक त्याला कानांपेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून ते मोठं येतं. लांब गेलं की हा फरक उरत नाही. तिनं लगेच मैत्रिणीला बोलावून तिच्यावर करून पाहिलं. जुना व्हिडिओ तिनं पुसला नाही, पण सोमवारी लांबून पुन्हा काढू म्हणाली. काढू.

हे सगळं सुरू झालं ते मागच्या महिन्यात. शाळेच्या टीव्हीवर मी पोरांना एक विनोदी सिनेमा लावून दिला होता. त्यातला जाडा मुलगा खुर्चीसकट पडतो. वर्ग खदाखदा हसला, आणि आमच्या वर्गातला जो अंगानं भरलेला आहे, तो सगळ्यांच्या आधी हसला. शेजारच्यानं त्याच्या पोटाला बोट लावलं, तरी हा हसतच राहिला. सिनेमा मी निवडला होता. त्या रात्री मला झोप आली नाही. जाडा असेल तर तो खाणार आणि पडणार, काळी असेल तर ती नायिकेची मैत्रीण. कुठं हसायचं हे आमची लेकरं बाराखडीच्या आधी शिकतात.

नंतर ऑस्ट्रेलियाच्या टॅरिन ब्रमफिट यांच्याविषयी वाचलं. वजन घटवायच्या जाहिरातीत आधीचा फोटो जाडा, नंतरचा सडपातळ असतो. या बाईंनी २०१३ मध्ये ते उलटं केलं. आधीचा फोटो स्पर्धेसाठी घडवलेल्या पिळदार शरीराचा आणि नंतरचा आपल्या भरलेल्या, सुखी शरीराचा. पुढं २०१६ मध्ये त्यांनी 'एम्ब्रेस' हा माहितीपट केला, आणि २०२२ मध्ये खास मुलांसाठी 'एम्ब्रेस किड्स'. तो इंग्रजीत, माझ्या पोरांना समजायचा नाही. पण पोरांनी स्वतःच्या शरीराविषयी स्वतःच बोलावं, एवढं तर माझ्या मोबाईलवरही जमण्यासारखं होतं.

मात्र आमच्याकडची दुखणी वेगळी. पांढरकवड्याच्या या भागात दिवाळीपासून कापसाची वेचणी, पोरंही मायबापासंगं वावरात. सुट्टी संपवून आली की एकमेकांना "करपली", "काया" (म्हणजे काळा) म्हणून चिडवतात. एकाचा फोटो मोबाईलनं आपोआप गोरा केला तेव्हा तो घाबरून म्हणाला, "मॅडम, हा मी नाई." त्याच दिवशी मी ती ब्युटी मोडची खटपट बंद करून टाकली.

आणि सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, हाडं ठणकतात. वाढ मागं पडते, डोळे पिवळसर दिसतात. २०२३ च्या जुलैत त्यासाठी देशभराचं अभियान सुरू झालं, तपासणी होते, कार्ड मिळतं. पण "काडी" म्हणून हाक मारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, ते त्या कार्डावर नसतं. मी तरी काय वेगळी वागले? सिकलसेल असलेली एक पोरगी आमच्याच वर्गात आहे. वजनं घेताना तिच्याविषयी सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचं तर वाढतच नाही." ती फरशीकडं पाहत राहिली. आता वजनकाटा मी भिंतीआड ठेवते, एकेकाला बोलावते आणि आकडा न बोलता लिहिते. त्या दिवसाविषयी मात्र तिला अजून मी काही बोलू शकले नाही.

तिनं आणि तिच्या आईनं होकार दिल्यावरच तिचा व्हिडिओ काढला. चेहरा नको म्हणाली. आधी पाण्याची बाटली दाखवली, कारण दिवसभर पाणी पीत राहणं हे तिचं औषधच आहे. मग दोन्ही हात समोर धरले. "हे माह्ये हात. दुखाले लागले का मी एकानं दुसऱ्याले दाबून धरते." एवढंच. चाळीस सेकंद असतील.

आज वर्गात तो लावला तेव्हा कुणी खोकललंसुद्धा नाही. तिला "काडी" म्हणणाऱ्यानंच विचारलं, "लय दुखते का वं?"

"हाव."

निघताना तो भरल्या अंगाचा पोरगा माझ्या गाडीपाशी आला. तीन शनिवार तो कॅमेऱ्यामागंच उभा असतो, मीही कधी पुढं ये म्हटलं नाही. मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, पुढच्या शनवारी मी बोलतो. पण मोबाईल तिच्या हाती द्या."