ओळख दाखवली नाही

ओळख दाखवली नाही, एवढंच. लिहून काढलं तर एका ओळीत संपतं. पण काल रात्रीपासून डोक्यात तेच चाललंय. आज टॉवेलच्या गाठींचं चलन करताना आकडा सारखा चुकत होता. "काय बघलालास बे भिंतीकडं?" म्हणून शेजारच्या टेबलावरून हटकणं झालंच.

काल गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेला गेलो होतो. पोराला पाळण्यात बसायचं होतं आणि मम्मीला कुठूनतरी लोखंडी तवा घ्यायचाच होता. अक्षता सोहळा, होमप्रदीपन सगळं होऊन गेलं की होम मैदानावर बाराबंदीतली माणसं कमी होतात आणि पिपाण्या वाजवणारी पोरं वाढतात. बांगड्यांच्या स्टॉलपाशी मॅडम, माझ्या समुपदेशक, उभ्या होत्या. एका हातात शेंगदाण्याची पुडी. दुसऱ्या हातात बांगडी चढत नव्हती, अंगठ्याच्या हाडाशी अडकली होती. दुकानदार हात दाबून ती पुढं सरकवत होता आणि मॅडमचं तोंड वेडंवाकडं झालेलं. तेवढ्यात त्यांनी वर बघितलं. सरळ माझ्याकडे. मग नजर माझ्यावरून तशीच पुढं गेली, विजेच्या खांबावरून जाते तशी, आणि त्या परत दुकानदाराशी भावाची घासाघीस करायला लागल्या.

गुरुवारी संध्याकाळी याच बाईंसमोर मी काय काय बोलतो! बायकोलाही जे अर्धंच माहीत आहे ते बोलतो. त्या टिशूचा खोका हळूच माझ्याकडे सरकवतात. दादाच्या वर्षश्राद्धाचं मी सांगत होतो तेव्हा त्यांचेही डोळे... असो, ते आज नको. मुद्दा असा, की आपण कुणापुढे इतकं सांडावं आणि त्या माणसाने भर गर्दीत आपल्याला खांब करावं? रात्रभर हेच. म्हटलं, पैसे देतो म्हणून ऐकतात. वेळ संपली, माणूस संपला.

आता, नियम मला माहीत नव्हता असं नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं होतं, "आपण बाहेर कुठे भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर बोलेन." 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचंही बोलल्या होत्या. त्यात कलम 23 गोपनीयतेचं आहे. कुणाच्या जिवाला धोका असला तर बोलावं लागतं, असे थोडेच अपवाद, बाकी माझं माझ्याजवळच राहणार. तेव्हा मला केवढं हायसं वाटलं होतं. सोलापुरात कुठली गोष्ट लपते? सात रस्त्याला शिंकलं तर अशोक चौकात विचारतात, सर्दी झाली का म्हणून. घरी अजून ओव्हरटाइम सांगूनच जातो मी.

पण पटलेलं असलं म्हणून बोचायचं थांबत नाही.

शेवटी आज जेवण झाल्यावर मॅडमनी दिलेला कागद काढला. ए म्हणजे घडलं ते, बी म्हणजे त्याबद्दल मी मनात काय बोललो ते, सी म्हणजे त्यातून झालेला त्रास. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमाराला काढलेली पद्धत. त्याचं म्हणणं, ए मुळे थेट सी होत नाही, मधे आपला बी बसलेला असतो. ए मधे लिहिलं, मॅडमनी बघितलं आणि बोलल्या नाहीत. बी मधे लिहिलं, मी त्यांच्या लेखी कुणीच नाही. पुढे पुराव्याचा रकाना असतो. तिथं बराच वेळ पेन नुसतं धरून बसलो.

समजा, त्या हसून "काय, कसे आहात?" म्हणाल्या असत्या. शेजारी मम्मी. कोण रे ह्या? कुठल्या पेठेतल्या? आडनाव काय? माहेर अक्कलकोटकडचं का? तव्याचा भाव ठरायच्या आत होटगी रोडच्या मावशीला फोन गेला असता. आणि मी तरी कुठं हात केला? मी तर पोराच्या बुटाची लेस बांधायला खाली वाकलो. लेस सुटलेली नव्हती. पोरगं म्हणालंसुद्धा, "पप्पा, बांधलेलीच आहे की."

हे लिहिताना एकटाच हसलो, बायको आतून म्हणाली काय झालं.

हाच एलिस लोकांना लाज घालवायला काय करायला लावायचा, मॅडमनी सांगितलं होतं. केळ्याला दोरी बांधायची आणि ते कुत्र्यासारखं ओढत रस्त्यावरून फिरायचं. लोक हसले तरी आपल्याला काही होत नाही, हे कळावं म्हणून. नवी पेठेत मी केळं ओढत चाललोय! पहिले दहा जण "काय झालं हो तुमच्या दादाचं" विचारतील आणि अकरावा केळं उचलून खाईल.

त्याचा बाकीचा हिशेब मात्र मला आवडतो. वाईट वाटायला त्याची ना नाही. वाईट वाटणं वेगळं आणि मी कवडीमोलाचा आहे म्हणून खचणं वेगळं. तर बी खोडून लिहिलं, 'त्यांनी बोलावं असं वाटत होतं. बोलल्या नाहीत. वाईट वाटलं.' सी तसा अजून आहे, पण काल रात्रीएवढा नाही.

एक गोष्ट मात्र कागदात बसेना. मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, "इथं जुन्या माणसांची देणीघेणी माझ्या खात्यावर पडतात, पडू द्या, त्याचंच तर काम आहे." म्हणजे जुन्या माणसांवरचा राग-रुसवा समोर बसलेल्या मॅडमवर निघतो. मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडने शंभर वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलंय म्हणे. माझ्यावरून नजर पुढं नेणारं पहिलं माणूस मॅडम नव्हेत. त्या मे महिन्यात दवाखान्याच्या जिन्यात दादा असाच गेला होता शेजारून. मी हाक मारली नव्हती.

गुरुवारी बांगड्यांचं सांगत बसलो तर त्यातच पाऊण तास जाईल आणि हे परत राहील. म्हणून कागदाच्या मागं मोठ्या अक्षरात 'जिना' लिहून तो पाकिटात ठेवलाय. बांगड्यांचं शेवटी, वेळ उरला तर.