छत्री भिंतीकडे, सिग्नल आभाळातून

"सहा फुटी छत्री द्या. बॉक्सचं नंतर बघू."

तापकीर गल्लीतल्या आमच्या डिश अँटेनाच्या दुकानात आल्या आल्या काकांनी खिशातून वही काढली. खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे वहीत सगळं मापासकट. सहकारनगरमध्ये रस्ता खोदला की यांची फायबरची वायर तुटते, दर महिन्याच्या रिचार्जचा कंटाळा आलाय आणि काकूंना सह्याद्री लागते. म्हणून दूरदर्शनची फ्री डिश, महिन्याचे पैसे न भरता छत्रीवर दिसणारी. इथवर सगळं बरोबर होतं. पण सहा फुटी कशाला?

तर त्यांच्या चार मजली सोसायटीसमोर रिडेव्हलपमेंटचा अकरा मजली टॉवर झालाय. चेअरमन म्हणाले, आता या गच्चीवर छत्री चालायची नाही. काकांनी त्यावर उपाय काढला, की मोठी छत्री टॉवरच्या डोक्यावरून बघेल.

मोठ्या छत्रीने सिग्नल जास्त गोळा होतो, पण म्हणून ती टॉवरच्या वरून बघू लागत नाही. उलट तिची नजर अरुंद, एका अंशाने हलली तरी चित्र गेलं. वर पावसाळ्यात वारा भरणार तो वेगळाच. सहा-आठ फुटी छत्र्या मुख्यतः सी-बँडसाठी, म्हणजे लांब लहरींसाठी. फ्री डिश केयू-बँडवर, म्हणजे आखूड लहरींवर येते, तिला पुण्यात दोन फुटी पुरते. जोराच्या सरीत दहा-पंधरा मिनिटं चित्र जाईल, तेवढं सोसायचं.

"गच्चीवर जुनी छत्री आहे का कुणाची?" मी विचारलं. होती. भाडेकरू सोडून गेलेला, पैसे भरून बघायच्या कंपनीची. मग छत्री घ्यायचीच कशाला? पत्रा पोचलेला नसेल तर तीच फिरवून चालते. त्या कंपनीचा बॉक्स मात्र उपयोगाचा नाही, तो कुलूपबंद असतो. मी त्यांना एक नवा एलएनबी (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा डबा), आरजी-६ केबल आणि एमपेग-४ या नव्या पद्धतीचं चित्र दाखवणारा बॉक्स एवढंच दिलं. साधा, जुन्या एमपेग-२ पद्धतीचा बॉक्स थोडा स्वस्त पडतो, पण काही चॅनल त्यावर लागतच नाहीत. शेठ गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते. सहा फुटी छत्रीचं गिऱ्हाईक हातचं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला गच्चीवर. चेअरमन हजर होतेच.

फ्री डिश येते जीसॅट-१५ वरून. हा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्वेला, जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर. पुण्यातून तो आग्नेयेला दिसतो, उत्तरेपासून मोजलं तर १३२ अंशांवर, आणि क्षितिजापासून चांगला ५९ अंश वर. काकांनी मोबाइलचं होकायंत्र पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडशेजारी धरलं होतं. तिथे ते काहीही दाखवतं. चार पावलं बाजूला नेलं तेव्हा सुई ठिकाणावर आली.

मी छत्री बसवली, पाना हातात घेऊन सावकाश वर-खाली केली, एलएनबी पिळला. बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. नवखे लोक स्ट्रेंग्थ ऐंशीवर गेली की खूश होतात. ती तर छत्री भलतीकडे असली तरी बरीच भरलेली दिसते, कारण त्यात एलएनबीची स्वतःची खरखरही (नॉइज) मोजली जाते. बघायची ती क्वालिटी. ती शून्यावरून उठली की उपग्रह सापडला. खाली काकूंचा आवाज आला, "लागलं हो!"

चेअरमनना पटेना. "ही तर समोरच्या सातव्या-आठव्या मजल्याकडे बघतेय. आज लागलं, उद्या जाईल."

दिसत होतं तसंच. पण या छत्र्या ऑफसेट असतात, एलएनबी मधोमध नसून खालच्या दांड्यावर. त्यामुळे छत्रीचं तोंड जिथे दिसतं त्याच्या साधारण पंचवीस अंश वरून सिग्नल येतो. काकांनी वहीत लगेच मांडलं: टॉवर गच्चीपेक्षा २१-२२ मीटर उंच, मध्ये २० मीटर अंतर, म्हणजे टॉवरचं डोकं ४६-४८ अंशांवर. सिग्नल त्याच्या वरून येतोय. फिटरला हे समजवायला लागलं नाही. चेअरमन मात्र वहीला मानणारे नव्हते.

तारखेने साथ दिली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा, पुण्यातून बघताना सूर्य या उपग्रहाच्या बरोब्बर मागून जातो. मी म्हटलं, "सव्वाअकरापर्यंत थांबा. तेव्हा छत्रीवर ऊन असेल तर वाट मोकळी, टॉवरची सावली असेल तर तुम्ही बरोबर. आणि ऊन असेल तर चित्र थोडा वेळ जाईल, तेव्हा ओरडू नका."

चहा झाला. अकरा वाजून गेल्यावर छत्रीवर लख्ख ऊन होतं आणि उजेड गोळा होऊन एलएनबीच्या टोपीवर पडलेला. टॉवरची सावली गच्चीपर्यंत पोचलीच नव्हती. तेवढ्यात खालून काकू, "गेलं! चौकोन चौकोन येतायत!" सूर्यही रेडिओलहरी फेकतो, त्या गोंधळात उपग्रहाचा बारीक सिग्नल बुडतो. काकांचा हात पान्याकडे गेला. तो मी धरला. अशा वेळी छत्री हलवणारे नंतर अर्धा दिवस उपग्रह शोधत बसतात.

सात-आठ मिनिटांत सह्याद्री परत आली. चेअरमन काही बोलले नाहीत, पण उतरताना विचारलं, "एका छत्रीवर दोन घरं होतात का?"

होतात, पण स्प्लिटर (एका केबलचे दोन फाटे करणारा जोड) लावून नव्हे. प्रत्येक बॉक्स एलएनबीला आपापलं १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, त्यावरून एलएनबी चॅनलांचा गट निवडतो; दोन बॉक्सनी वेगवेगळं मागितलं की एकाचे काही चॅनल जातात. दोन आउटपुटचा एलएनबी घ्यायचा आणि केबल दोन ओढायच्या. संध्याकाळी शेठने तो काढून ठेवला.