टू-टू पिस्तुलाच्या स्प्रिंगा: या हंगामाची नोंद

गड्ड्याची यात्रा आटोपली की सोलापूरची हवा तापू लागते आणि माझा टू-टू (०.२२ इंच) पिस्तूल पूर्ण उघडून बघायचा मोसम येतो. यंदा नुसत्या साफसफाईवर भागणार नव्हतं. बालेवाडीच्या २५ मीटर रेंजवर स्टँडर्ड पिस्तूल या नेमबाजी प्रकाराच्या १० सेकंदांत पाच गोळ्यांच्या मालिकेत पाचवं काडतूस मॅगझिनमधून (काडतुसांच्या पेटीतून) चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) मधूनच चढेनासं झालं होतं. बोल्ट, म्हणजे काडतूस पुढे ढकलणारा सरकता भाग, पुढे यायचा, पण शेवटच्या काडतुसाच्या वरून सरकून जायचा आणि हॅमर (बार उडवणारा घोडा) रिकाम्या चेंबरवर पडायचा. स्पर्धेत असं झालं तर हात वर करून रेंज ऑफिसरची वाट बघायची. त्यांनी तपासण्याआधी आपण बोल्टला हात लावला की बिघाडाचा दावा गेलाच. म्हणून हा दोष मुळापर्यंत शोधायचं ठरवलं.

स्प्रिंगवर संशय घेण्याआधी साफसफाई. टू-टूच्या काडतुसाला बाहेरून मेणाचा किंवा वंगणाचा थर असतो. तो चेंबरच्या तोंडाशी आणि मॅगझिनच्या आत साठतो, आणि आपल्याकडची धूळ त्यात मिसळली की चिकट काळा लेप तयार होतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे. माझी मिटली नाही.

दोन्ही मॅगझिनांवर अ आणि ब अशी खूण आहे, आणि ही खूण प्रत्येकाने करावीच. दोष फक्त ‘अ’मध्ये यायचा. दोन्हींच्या स्प्रिंगांची अदलाबदल केली, तर पुढच्या सरावात तो ‘ब’मध्ये आला. म्हणजे मॅगझिनचे ओठ (वरच्या वळलेल्या कडा) आणि फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) ठीक, दोष स्प्रिंगचा. नेमकं पाचवंच काडतूस का अडतं, तेही यातून कळतं. मॅगझिन भरलेलं असताना स्प्रिंग सर्वांत जास्त दबलेली असते, म्हणून जोर भरपूर. एकेक काडतूस कमी होतं तशी ती मोकळी होते आणि शेवटच्या काडतुसाला सर्वांत कमी जोर मिळतो. बार उडाल्याच्या धक्क्याने मागे गेलेला बोल्ट (ब्लोबॅक) झपाट्याने परततो, तेवढ्यात काडतूस वर यायला हवं.

काही जण अशी स्प्रिंग हाताने ओढून लांब करतात. तसं करू नका. ओढलेली तार थोड्याच वापरात पुन्हा बसते, म्हणजे आखूड होते, आणि वेटोळ्यांमधलं अंतर असमान झाल्याने ती मॅगझिनच्या भिंतीला घासते ते वेगळंच. ‘अ’ आणि ‘ब’ दोन्हींना नवी स्प्रिंग टाकली.

मॅगझिनच्या स्प्रिंगची ही अवस्था, तर मागे गेलेला बोल्ट पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग कशी असेल, हा पुढचा प्रश्न. जुनी आणि नवी शेजारी ठेवली तर जुनी जेमतेम ४ मिलिमीटर आखूड. एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटत होतं. आमच्या साखर पेठेतल्या घराशेजारचे अण्णा पूर्वी चादरीच्या कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल करणारे) होते, यंत्रमागाच्या स्प्रिंगा बदलण्यात त्यांची हयात गेली. दोन्ही स्प्रिंगा त्यांच्या हातावर ठेवल्या. ते म्हणाले, “लांबी बघून काय कळणार रे? जिथं ती काम करते तिथपर्यंत दाब, आन् मग वजन बघ.”

तसंच केलं. ड्रिल स्टँडखाली डिजिटल वजनकाटा ठेवला, स्प्रिंग गाइड रॉडवर (तिला सरळ धरणाऱ्या दांडीवर) उभी केली आणि दोन लांबींवर दाबून आकडे घेतले: एक बोल्ट बंद असतानाची लांबी, दुसरी बोल्ट पूर्ण मागे गेल्यावरची. दोन्हींत ३० मिलिमीटरचं अंतर. नवी स्प्रिंग १२१० आणि २५०० ग्रॅम. जुनी १०३५ आणि २३२०.

आता गंमत बघा. दोन्ही स्प्रिंगांचा दर, म्हणजे प्रत्येक मिलिमीटर दाबायला वाढणारा जोर, ४३ ग्रॅमच्या आसपासच येतो. स्प्रिंग थकली म्हणजे तिचा कडकपणा गेला असं नाही. तो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो आणि ते बदललेलं नाही. ती फक्त बसली आहे. त्या ४ मिलिमीटरचे साधारण १७५ ग्रॅम दोन्ही टोकांना सारखेच कमी झाले. पण मागच्या टोकाला तो फरक ७ टक्के, आणि बंद टोकाला साडेचौदा टक्के. काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसवायचं काम याच बंद टोकाच्या जोरावर होतं. बोल्ट केसभर उघडा राहण्याचे प्रसंग माझ्या वहीत आधीपासून नोंदलेले होते. त्यांचं कारण या आकड्यांत सापडलं.

नवी स्प्रिंग मूळ कंपनीचीच घ्या. आपल्या शहरात स्प्रिंग वळून मिळणं अवघड नाही, पण कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. तार ५ टक्के जाड निघाली तर स्प्रिंग जवळपास २२ टक्के कडक होते. त्यात स्टेनलेसची तार वापरली तर त्याच मापात ती म्युझिक वायरपेक्षा (स्प्रिंगांच्या नेहमीच्या पोलादी तारेपेक्षा) नरम पडते. जास्त कडक रिकॉइल स्प्रिंगने बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी (रिकामं काडतूस) बाहेर पडायच्या दारातच उभी अडकते. नरम असेल तर बोल्ट मागे आदळून फ्रेमला मार बसतो. वेटोळं कापणं तर दुहेरी घोटाळा: सुरुवातीचा जोर घटतो, पण दर वाढतो.

हॅमर आणि सिअरच्या (हॅमर अडवून धरणाऱ्या खटक्याच्या) स्प्रिंगांना मी हात लावत नाही. शस्त्रदुरुस्तीला १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो आणि तो नियम मला पटतो. तिथला बदल थेट ट्रिगरच्या वजनावर येतो. स्टँडर्ड पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम हवेतच. काम परवानाधारक आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या आणि परत आल्यावर नळी उभी धरून, ट्रिगरला वजन अडकवून स्वतः तपासा. हॅमरची स्प्रिंग नरम पडल्याची खूण रिकाम्या पुंगळीवर दिसते. टू-टूचा ठिणगी देणारा स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये असतो, त्यामुळे रिमवरचा पिनचा ठसा उथळ किंवा कमी-जास्त होऊ लागला की समजायचं. माझे ठसे अजून खोल आणि एकसारखे आहेत.

काम करताना काडतुसं दुसऱ्या खोलीत, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेला, आणि डोळ्यांवर गॉगल. गाइड रॉडवरून सुटलेली स्प्रिंग थेट तोंडावर येते. तेल गाइड रॉडवर अगदी पुसट लावलं. मॅगझिन कोरडंच ठेवलं. मे महिन्यात पारा ४३च्या पुढे गेला की तेल पातळ होऊन नको तिथे उतरतं.

मॅगझिनच्या आणि रिकॉइलच्या नव्या स्प्रिंगांवर बालेवाडीला १० सेकंदांच्या मालिका दोन्ही मॅगझिनांनी पूर्ण केल्या. एकदाही काडतूस अडलं नाही. पुंगळ्या मात्र पूर्वीपेक्षा थोड्या जवळ पडतात. जास्त जोराच्या रिकॉइल स्प्रिंगने ते अपेक्षितच आहे, पण एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची) स्प्रिंगही तेवढीच जुनी आहे. तिचा सुटा भाग मागवला आहे. तो आला की पुंगळ्या कुठे पडतात याची पुन्हा नोंद घेणार आहे. यापुढे एका वेळी एकच स्प्रिंग बदलायची, म्हणजे फरक कशाचा ते कळेल.