मोकाट कुत्री, पाळीव कुत्री आणि आपले शहर

बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे कोल्हापुरातले मटणाचे वार. त्या दिवशी सकाळी दुकानापुढे माणसांची रांग लागते आणि रांगेच्या कडेला, कोणाच्या पायात न येता, पेठेतली कुत्री बसलेली असतात. दुकानदार हात न थांबवता मधूनच चरबीचा एखादा तुकडा भिरकावतो आणि तो नेमका कोणी झेलायचा हे कुत्र्यांनी आपसात आधीच ठरवलेले दिसते. दुसऱ्या दिवशी घराघरांतली आणि हॉटेलांतली हाडे, उरलेला भात, रश्शात भिजलेल्या भाकरीचे तुकडे पिशवीत बांधून कोंडाळ्याजवळ, म्हणजे कचराकुंडीजवळ, येऊन पडतात. कोंडाळा उचलून नेला असला, तरी पिशव्या जुन्या सवयीने त्याच कोपऱ्यावर पडतात. एखाद्या गल्लीत किती कुत्री जगू शकतात, हे फार करून या अन्नावर ठरते. महापालिकेच्या गाडीने किती कुत्री उचलली याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

ही गाडी कशी येते हे बहुतेकांनी पाहिलेले आहे. शाळेच्या वाटेवर एखाद्या मुलाला कुत्रे चावते, वर्तमानपत्रात बातमी येते, नागरिक निवेदन देतात आणि मग गाडी येऊन हाताला लागतील ती कुत्री घेऊन जाते. पुढची तक्रार दुसऱ्या टोकाच्या उपनगरातून येते, म्हणून गाडी तिकडे वळते. अशा पद्धतीने वर्षभर प्रामाणिकपणे काम केले, पैसेही खर्च केले, तरी कोणत्याही एका भागातली संख्या कमी झालेली दिसत नाही. याचे कारण कुत्र्यांच्या प्रजननात आहे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा असतो, वर्षातून दोनदा ती विण्याची शक्यता असते आणि एका वेतात चार-सहा पिल्ले सहज होतात. समजा एका पेठेत शंभर कुत्री आहेत आणि त्यांत पन्नास माद्या आहेत. तक्रारीनुसार त्यांतल्या पंधरा-वीस माद्यांच्या निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रिया झाल्या, तर उरलेल्या तीस-पस्तीस माद्यांची पिल्ले ती जागा भरून काढतात. बरीचशी पिल्ले वाहनाखाली किंवा आजाराने मरतात हे खरे, पण अन्न मुबलक असेल तर जगायची तेवढी जगतातच. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की शहराने तक्रारीमागे धावणे थांबवावे, एक-एक भाग हातात घेऊन पुरा करावा आणि त्याच हिशेबात घरातली पाळीव कुत्रीही धरावीत.

नियम याहून वेगळे काही सांगत नाहीत. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा, त्याखाली २००१ साली आलेले श्वान प्रजनन नियंत्रण नियम आणि त्यांच्या जागी मार्च २०२३ मध्ये आलेले नवे नियम यांचा गाभा एकच आहे. कुत्रे पकडावे, त्याचे निर्बीजीकरण करावे, रेबीजची लस द्यावी आणि जिथून उचलले तिथेच परत सोडावे. पकडताना चिमटे वापरायचे नाहीत, जाळी किंवा हात वापरायचे. सहा महिन्यांखालील पिल्ले आणि अंगावर पिणारी पिल्ले असलेल्या माद्या शस्त्रक्रियेसाठी उचलायच्या नाहीत. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला काही दिवस देखरेखीखाली पिंजऱ्यात ठेवायचे आणि भुलीत असतानाच कानाला खाच द्यायची, म्हणजे पुढच्या वेळी तेच कुत्रे पुन्हा उचलले जात नाही. काढलेल्या अवयवांची मोजणी करून ती बिलाशी ताडून पाहावी, अशीही व्यवस्था आहे. ही शेवटची बाब ऐकायला ओंगळ वाटते, पण किती कुत्र्यांची शस्त्रक्रिया खरोखर झाली हे कागदाबाहेर तपासण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

सगळ्यांत जास्त राग येतो तो परत सोडण्याचा. आमच्या बाजूला गाडी आली होती, तेव्हा एक आजी पदर खोचून पुढे आल्या आणि जाळी धरलेल्या मुलाला म्हणाल्या, "ए दादा, आमचा काळू परत हितंच आणून सोडणार न्हवं?" त्यांच्या मागून दुधाची किटली घेऊन चाललेला एक गृहस्थ म्हणाला, "परत कशाला आणताय? तिकडंच ऱ्हाऊ दे की." दोघेही एकाच गल्लीतले. त्या मुलाने दोघांनाही "होय होय" म्हटले आणि गाडीचे दार लावले. शास्त्राच्या दृष्टीने आजींची बाजू भक्कम आहे. कुत्री आपापला भाग राखतात. ओळखीची, लस दिलेली आणि विण्याची शक्यता संपलेली कुत्री तिथून कायमची हलवली, तर अन्न तसेच राहते आणि शेजारच्या भागातली नवी कुत्री आत येतात. नव्या कुत्र्यांची आपसात मारामारी होते, माणसांशी ओळख नसते आणि चाव्यांचे प्रमाण काही काळ उलट वाढू शकते. दूध नेणाऱ्या गृहस्थाची भीती मात्र खोटी नाही. अंधारात दुचाकीमागे लागणारे टोळके ज्याने अनुभवले आहे, त्याला प्रजननशास्त्र सांगून उपयोग नसतो.

कुत्री मारून प्रश्न सुटत नाही, हा धडा आपल्याकडे जुना आहे. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतरही अनेक शहरे पुढची दीड शतके कुत्री मारत राहिली आणि कुत्री कमी झाली नाहीत. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या मोकाट कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख निघाली.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे हा विषय घरोघरी चर्चिला गेला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून, रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची शस्त्रक्रिया व लसीकरण करून परत सोडावीत असे सांगितले आणि प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढवली. ७ नोव्हेंबरला शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून ती तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. कोल्हापूरच्या संदर्भात हा शेवटचा आदेश वाचताना मध्यवर्ती बसस्थानक, सीपीआर या सरकारी रुग्णालयाचे आवार आणि पेठापेठांतल्या शाळा डोळ्यांपुढे येतात. लहान मुले आणि रुग्ण जिथे असतात ती जागा सुरक्षित हवी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु तिथून हलवलेल्या कुत्र्यांना आयुष्यभर कुठेतरी ठेवावे लागेल, रोज खायला घालावे लागेल आणि पशुवैद्य नेमावा लागेल. एकदा इमारत बांधून हा खर्च संपत नाही. शिवाय बसस्थानकाच्या फाटकाबाहेर खाण्याच्या गाड्यांचा कचरा तसाच राहिला, तर आतली जागा महिन्याभरात पुन्हा भरेल.

आता घरातल्या कुत्र्यांकडे वळतो, कारण ही बाजू चर्चेत नेहमी सुटते. रंकाळा तलावावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना ती दिसत असते. पदपथ उद्यानाच्या बाजूला एकदा एक जर्मन शेफर्ड मी बराच वेळ पाहिला. गळ्याभोवती पट्ट्याने केस झिजलेली रेघ होती, पट्टा नव्हता. येणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे तो उठून जायचा, दार उघडले की शेपूट हलवायचा आणि माणूस ओळखीचा नाही हे कळल्यावर पुन्हा त्याच झाडाखाली जाऊन बसायचा. गल्लीतली कुत्री त्याला जवळ येऊ देत नव्हती. असे कुत्रे फार दिवस जगत नाही, आणि जगले तर निर्बीजीकरण न झाल्यामुळे मोकाट संख्येत भरच घालते.

पाळीव जनावराला उपाशीतापाशी मरण्यासाठी सोडून देणे हा १९६०च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. कोल्हापुरात एवढ्या पैशात धड मिसळही येत नाही. कित्येक दशके ही रक्कम बदललेली नाही, यावरून आपण हा गुन्हा किती गंभीर मानतो ते दिसते. पिल्लांच्या व्यापारासाठी २०१७चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात पिल्लाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, कोणाच्या तरी गच्चीवर व्यवहार होतो आणि पावती मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. पिल्लू मोठे झाले, चावू लागले, किंवा भाड्याच्या घराचा मालक नको म्हणाला, की रंकाळा जवळच असतो.

महापालिकेच्या हातात याबाबत काहीच नाही असे मात्र नाही. १९४९च्या महापालिका अधिनियमात महापालिका लावू शकेल अशा करांमध्ये कुत्र्यांवरील कराचा स्पष्ट उल्लेख आहे. कराची रक्कम नाममात्र ठेवली तरी चालेल, पण त्यानिमित्ताने कोणत्या घरात कोणते कुत्रे आहे, त्याला लस कधी दिली आणि त्याचे निर्बीजीकरण झाले आहे का, याची नोंद तयार होते. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याला सूट आणि न झालेल्याला जास्त आकार, एवढा फरक केला तरी लोक दवाखान्याची वाट धरतील. २०२३च्या नियमांनुसार पाळीव प्राण्याचे जंतनाशक, लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाचीच जबाबदारी आहे. लहान चिप त्वचेखाली बसवली तर हरवलेले कुत्रे परत मिळते आणि सोडून दिलेल्या कुत्र्याचा मालकही सापडतो. माझ्या मते चिपचा दुसरा उपयोग पहिल्यापेक्षा मोठा आहे.

मालकांचे आक्षेप ठरलेले असतात. मादीला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, नाहीतर ती आजारी पडते, असे सुशिक्षित घरांतही सांगितले जाते. याला वैद्यकीय आधार नाही. उलट निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांना वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार होऊ शकतो आणि लहान वयात शस्त्रक्रिया झाली तर स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. नर कुत्रा सुस्त होईल ही भीतीही तशीच. शस्त्रक्रियेनंतर वजन वाढण्याचा कल असतो हे खरे, पण ते आवाक्याबाहेर जाते ते बहुधा घरातल्या प्रत्येकाने आपल्या ताटातली पोळी वेगळी घातल्यामुळे. पट्ट्याशिवाय फिरवणे, रंकाळ्यावरच्या विष्ठेकडे पाठ फिरवणे आणि "तो काही करत नाही" असे दुरून ओरडणे, यांबद्दल वेगळे काय लिहावे?

खायला घालण्यावरून गल्लीगल्लीत भांडणे आहेत. ज्या शहरात दत्त महाराज दुपारची भिक्षा मागायला येतात अशी श्रद्धा आहे आणि ज्यांच्या पायाशी चार कुत्री असतात, तिथे दारी आलेल्या कुत्र्याला हाकलणे अनेकांना जमत नाही. ते जमावे असेही मला वाटत नाही. नियम त्यावर मधला मार्ग सांगतात. खायला घालण्याची जागा ठरवावी. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि प्रवेशदारापासून दूर असावी. वेळ ठरावीक असावी आणि उरलेले अन्न उचलावे. याचा न सांगितला जाणारा फायदा असा की ठरल्या वेळी ठरल्या जागी जमणारी कुत्री लसीकरणासाठी आणि शस्त्रक्रियेसाठी पकडणे सोपे जाते. रोज खायला घालणाऱ्या व्यक्तीला विरोधक समजण्याऐवजी पथकाने तिलाच सोबत घेतले, तर अर्धा दिवस वाचतो. तिने नुसते खायला घालून शस्त्रक्रियेला विरोध केला, तर ती मात्र पुढच्या पिल्लांची जबाबदारी टाळत आहे.

रेबीजबद्दल थोडे सविस्तर लिहितो. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राण घेतो आणि माणसातल्या रुग्णांपैकी ९९ टक्क्यांपर्यंत संसर्ग कुत्र्यांकडून आलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कुत्र्यांपैकी किमान ७० टक्क्यांचे लसीकरण झाले तर साखळी तुटते. आपला शेजारी गोवा याचे उदाहरण आहे. तिथे मिशन रेबीज या उपक्रमात पथके भाग ठरवून गेली, लस दिलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण केली आणि नंतर त्याच भागात फिरून खूण असलेली व नसलेली कुत्री मोजली. कमी भरले तर पुन्हा गेले. शाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागावे हे शिकवले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित झाला. आपल्याकडे चावा बसल्यावर हळद, चुना किंवा चटणी भरण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. जखमेत काहीही भरू नये, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सीपीआर किंवा जवळचा दवाखाना गाठावा. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही, द्यावे लागते. पाळलेल्या कुत्र्याचा किंवा मांजराचा चावा असला तरी हेच करावे.

मोकाट गुरांचा विषय वेगळा आहे आणि तुलनेने सोपाही, कारण त्यांना मालक असतो. सकाळी धार काढून गाय रस्त्यावर सोडणारा माणूस संध्याकाळी तिला घेऊन जातो. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावरून मालक शोधता येतो, गरज फक्त कोंडवाड्याचा दंड वसूल करण्याची आहे.

नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीला परत आणण्यासाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये या जिल्ह्याने जो मोर्चा काढला, तो पाहिल्यावर इथल्या लोकांना जनावरांबद्दल माया नाही असे कोणी म्हणणार नाही. त्या मायेला कामाला लावण्यासाठी तालमी, म्हणजे पेठापेठांतली जुनी मंडळे, आहेत. तालीम मंडळाला गल्लीतले प्रत्येक कुत्रे नावाने ठाऊक असते. टायगर कोणत्या बोळात झोपतो आणि कोणती मादी गाभण आहे हे त्यांना विचारावे. आपल्याकडे कुत्र्यांचा मोठा हंगाम पावसाळा सरताना असतो आणि थंडीत पिल्ले दिसू लागतात. म्हणून एखादी पेठ निवडून चैत्र-वैशाखात मोजणी करावी, घरोघरच्या पाळीव कुत्र्यांची नोंद त्याच फेरीत घ्यावी आणि श्रावणापूर्वी त्या पेठेतल्या दहांपैकी किमान सात कुत्र्यांच्या कानाला खाच दिसेल असे पाहावे. तोवर दुसऱ्या पेठेत फक्त चावणारे किंवा आजारी कुत्रे उचलायला गाडी जावी. मटण आणि चिकनच्या दुकानांचा कचरा रोज वेगळ्या गाडीने उचलण्याची सोयही त्याच पेठेपासून सुरू करता येईल. दिवाळीनंतर पुन्हा मोजणी करून आकडे त्या पेठेच्या चौकात फलकावर लावावेत आणि पुढच्या पेठेचे काम त्यानंतरच हाती घ्यावे.